कौम, वतन आणि वक्फ : पॅलेस्टाइनच्या सनदांचा पाठविचार

जुन्या कागदांचा व्यासंग करणारास एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. दोन सनदांत भूमि एकच, चतुःसीमा एकच आणि तंटाहि एकच असतां केवळ एका शब्दाच्या फरकानें हक्काचें स्वरूप पालटतें. हाच न्याय पॅलेस्टाइनमधील अरबांच्या राजकीय चळवळींस लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांच्या शंभर वर्षांच्या इतिहासांत कौम, वतन आणि वक्फ हे तीन अरबी शब्द आळीपाळीनें पुढें येतात. हे शब्द आपल्या वाचकांस नवे नाहींत. परंतु तेथील अर्थ निराळे असल्यानें प्रथम ते सांगणें अवश्य आहे.

कौम म्हणजे मूळ अरबींत लोकसमूह. आधुनिक अरबी राजकारणांत 'कौमी' म्हणजे अखिल अरब राष्ट्राचें. वतन म्हणजे आपल्याकडे वंशपरंपरागत हुद्दा व त्याजबरोबरची जमीन. अरबींत तें राहण्याचें ठिकाण, आणि एकोणिसाव्या शतकापासून स्वदेश. वक्फ म्हणजे ईश्वरार्थ कायमची बांधून दिलेली मिळकत. ती विकतां येत नाहीं, बक्षीस देतां येत नाहीं, वारसांत वांटतां येत नाहीं. धर्मशास्त्रांतील देवस्वाशीं तिचें पुष्कळ साम्य आहे.

पॅलेस्टाइन १९१७ पर्यंत तुर्की साम्राज्यांत होता. तेथील लोकांस आपल्या देशाचें निराळेपण ठाऊक नव्हतें असें नाहीं. याफा शहरीं १९११ सालीं निघालेल्या एका अरबी वृत्तपत्राचें नांवच 'फलस्तीन' होतें. तथापि २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यानें ज्यूंच्या 'राष्ट्रीय गृहा'स ब्रिटिशांचा पाठिंबा मिळाल्यावर, १९१९ च्या आरंभीं यरुशलेम येथें भरलेल्या अरब परिषदेनें आपला देश सीरियाचा भाग असल्याचा ठराव केला. जुलै १९२० मध्यें फ्रेंचांनीं दमास्कस घेऊन राजा फैसलची सत्ता मोडली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत हैफा येथील परिषदेनें पॅलेस्टाइनपुरत्या राष्ट्रीय सरकारची मागणी केली. कौमेचा आधार तुटला तेव्हां वतन पुढें आलें.

धर्माचें अंग या काळींहि वेगळें नव्हतें. हाज अमीन अल्-हुसैनी हे १९२१ सालीं यरुशलेमचे मुफ्ती झाले. वक्फांचा कारभार पाहणाऱ्या मुस्लिम परिषदेचे अध्यक्षपदहि पुढील वर्षीं त्यांजकडेच गेलें. सीरियांतून आलेले शेख इज्जुद्दीन अल्-कस्साम नोव्हेंबर १९३५ मध्यें ब्रिटिश पोलिसांशीं लढतांना पडले. १९३६ पासून १९३९ पर्यंत मोठें बंड चाललें व तें मोडलें. पुढें १९४८ च्या युद्धांत सुमारें सात लाख लोक निर्वासित झाले.

या आपत्तीनंतर पुनः कौम हा शब्द बलवत्तर झाला. अरब एक झाले म्हणजे पॅलेस्टाइन सुटेल, ही जॉर्ज हबश प्रभृति तरुणांची श्रद्धा होती, आणि त्यांच्या संघटनेच्या नांवांतहि 'कौमी' हेंच पद होतें. याच्या उलट, देश सोडविणें हें प्रथम पॅलेस्टिनींचें स्वतःचें काम, असें म्हणणारी मंडळी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कुवेत येथें एकत्र आली. त्यांच्या संघटनेच्या नांवांत हरकत, तहरीर, वतनी व फलस्तीनी अशीं पदें होतीं. पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या पदांचीं आद्याक्षरें उलट क्रमानें लाविलीं म्हणजे 'फतह' होतो. आपला 'फत्ते' तो हाच.

आतां सनदांकडे वळूं. मे १९६४ मध्यें अरब लीगच्या आश्रयानें यरुशलेम येथें पॅलेस्टाइन मुक्तिसंघटना स्थापन झाली. तिच्या सनदेचें नांव 'अल्-मीसाक अल्-कौमी'. तिच्या २४ व्या कलमांत जॉर्डनकडील पश्चिम तीरावर आणि गाझावर संघटना कोणतीहि सत्ता चालविणार नाहीं असें स्पष्ट होतें. जून १९६७ च्या युद्धांत हे दोन्ही प्रदेश इस्रायलनें घेतले व अरब राज्यांचा भरंवसा सरला. जुलै १९६८ मध्यें कैरो येथें सनद सुधारली गेली तेव्हां नांव झालें 'अल्-मीसाक अल्-वतनी'. तें २४ वें कलम गळालें, आणि सशस्त्र लढा हाच एक मार्ग असें नवें कलम आलें. फेब्रुवारी १९६९ मध्यें फतहचे यासर अराफात अध्यक्ष झाले. चार वर्षांच्या अंतरानें लिहिलेल्या दोन प्रतींतील हा एका पदाचा पाठभेद; परंतु एक युगांतर त्यांत सांठविलें आहे.

तिसऱ्या शब्दाची कथा गाझामधील. मिसर देशांत १९२८ सालीं निघालेल्या मुस्लिम बंधुसंघाची तेथें शाखा होती. शेख अहमद यासीन यांनीं १९७३ सालीं तिच्या परंपरेंत मशिदी, शाळा व दवाखाने चालविणारी संस्था काढली. इस्रायली अंमलदारांनीं १९७९ सालीं तिला रीतसर परवानाहि दिला. डिसेंबर १९८७ मध्यें इंतिफादा म्हणजे लोकांचा उठाव झाला, आणि याच मंडळींतून हमास निघाली. तिची ३६ कलमांची सनद १८ ऑगस्ट १९८८ ची आहे. तिचें ११ वें कलम सांगतें कीं, पॅलेस्टाइनची भूमि कयामतीच्या दिवसापर्यंत मुसलमानांच्या पिढ्यांसाठीं वक्फ आहे. १२ व्या कलमांत वतननिष्ठा ही धर्मश्रद्धेचाच भाग ठरविली आहे. म्हणजे वतन खोडलेलें नाहीं. तें वक्फाच्या पोटीं घातलें आहे.

या सनदेंत एक दोष असा आहे कीं, तो कागदांच्या परीक्षकास विशेष खटकेल. तिच्या ३२ व्या कलमांत ज्यूंच्या कथित जागतिक कटाचे 'प्रोटोकॉल' प्रमाण म्हणून घेतले आहेत. हा ग्रंथ १९०३ सालीं रशियांत छापला गेला, आणि त्यांतील मजकूर एका फ्रेंच उपहासग्रंथांतून चोरलेला असल्याचें लंडनच्या 'टाइम्स' पत्रानें १९२१ सालींच सिद्ध केलें. बनावट कागद पुराव्यांत आला म्हणजे खऱ्या दाव्यालाहि बट्टा लागतो. येथें तर त्यानें एका संपूर्ण समाजाविरुद्धचा द्वेष सनदेंत आला.

याच वर्षीं १५ नोव्हेंबर रोजीं अल्जीयर्स येथें मुक्तिसंघटनेनें स्वतंत्र राज्याची घोषणा केली. कवि महमूद दरवेश यांनीं लिहिलेल्या त्या मसुद्यांत संयुक्त राष्ट्रांच्या १९४७ च्या फाळणीच्या ठरावाचा आधार घेतला आहे. तीन महिन्यांच्या आंत निघालेले हे दोन लेख शेजारीं ठेवले म्हणजे आमचा मुद्दा स्पष्ट होतो. १९६८ च्या सनदेंतहि देश अविभाज्यच म्हटला होता. परंतु वतनदार आपला दावा कमी करूं शकतो, तक्षीम मान्य करूं शकतो. वक्फाच्या मुतवल्लीस तो अधिकार नसतो. तडजोडीचें दार उघडें राहणें न राहणें या भेदावर पुष्कळसें अवलंबून होतें.

अर्थात् शब्दच सर्व कांहीं घडवितात असें आमचें म्हणणें नाहीं. सप्टेंबर १९९३ मध्यें ओस्लो करार झाला आणि एप्रिल १९९६ मध्यें जुनी सनद दुरुस्त करण्याचा ठराव झाला, तरी इस्रायली वसाहती वाढत राहिल्या व हमासचे आत्मघाती हल्लेहि चालले. जानेवारी २००६ च्या निवडणुकींत हमासला १३२ पैकीं ७४ जागा मिळाल्या; जून २००७ मध्यें गाझा तिजकडे व पश्चिम तीर फतहकडे अशी फूट पडली. १ मे २०१७ रोजीं दोहा येथें हमासनें नवा लेख प्रसिद्ध केला. त्यांत आपला विरोध झायोनवादाशीं आहे, ज्यूंच्या धर्माशीं नाहीं, असें म्हटलें. इस्रायलला मान्यता न देतां १९६७ च्या सीमांवरील राज्याचें सूत्र स्वीकारलें. आणि स्वतःच्या वर्णनांत 'वतनी' हें पद 'इस्लामी' या पदाच्या अगोदर घातलें. परंतु १९८८ ची सनद रद्द केल्याचें कोठेंहि लिहिलें नाहीं. नव्या पाठानें जुना पाठ बाधित होतो कीं दोन्ही उभे राहतात, हा मीमांसकांचा प्रश्न तेथें अनुत्तरितच राहिला.

त्याचें उत्तर शस्त्रांनीं दिलें. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हमासच्या हल्ल्यांत इस्रायलमध्यें सुमारें १,२०० माणसें मारलीं गेलीं व सुमारें २५० ओलीस नेलीं गेलीं. त्यापुढील युद्धांत गाझाच्या आरोग्य खात्याच्या गणनेप्रमाणें ६०,००० हून अधिक पॅलेस्टिनी मेले. अशा समयीं पाठभेदांची चर्चा कोरडी वाटेल. परंतु बेरूत येथें १९६५ सालीं स्थापन झालेल्या पॅलेस्टिनी संशोधन केंद्राचें दप्तर इस्रायली सैन्यानें १९८२ सालीं उचलून नेलें, आणि १९८३ सालीं कैद्यांच्या अदलाबदलींत तें परत मागून घेण्यांत आलें. कैद्यांबरोबर कागद सोडवून आणणारांस त्यांची किंमत कळली होती. पुढें केव्हां तरी तह व्हावयाचा, तर तो अशाच एखाद्या लेखानें होईल. आणि त्यांत भूमीसाठीं कोणता शब्द योजिला आहे, हें उभय पक्षांच्या लेखकांस फार काळजीपूर्वक पाहावें लागेल.