जुहूचे विमानतळ आणि उघडी राहिलेली खिटी

सन 1920 मध्ये ठाणे जिल्ह्यातून दक्षिण साष्टीचा मुलूख वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा स्थापन झाला. त्यानंतर आठच वर्षांनी, 1928 साली, विलेपार्ल्याच्या पश्चिमेस जुहूच्या सपाट आणि दलदलीच्या भूमीवर विमानतळ सुरू झाले. आणि हिंदुस्थानातील नागरी विमानोड्डाणाचा आरंभ जेथे झाला असे निःसंकोचपणे म्हणता येईल, असे स्थान या उपनगराला लाभले. बॉम्बे फ्लाइंग क्लब तेथेच वाढला. जे. आर. डी. टाटा यांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी वैमानिकाचा जो पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला, त्याची पूर्वतयारीही याच क्लबात झाली. पावसाळ्यात ही धावपट्टी पाण्याखाली जाई, आणि पुढे टपालाची विमाने सुरू झाल्यावर त्यांचा मुक्काम त्या महिन्यांपुरता पुण्यास हलवावा लागे. जुहूविषयी लिहिताना धावपट्टी, चिखल आणि टपाल यांचा उल्लेख बहुतेक जण करतात. वैमानिकाच्या डोक्यावर छत केव्हा आले आणि त्या छताने कोणता नवा धोका सोबत आणला, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष गेलेले नाही.

त्या काळी शिकाऊ वैमानिक ज्या जिप्सी मॉथ विमानांत बसत, त्यांची आसने उघडी होती. कातडी टोपी, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर आदळणारा वारा, अशा अवस्थेत उड्डाण होई. तेथील धोका उघड होता आणि म्हणूनच सर्वांस ठाऊक होता: माणूसच बाहेर फेकला जाण्याचा. अमेरिकेतील वैमानिका हॅरिएट क्विम्बी 1 जुलै 1912 रोजी बॉस्टनजवळ आपल्या सहप्रवाशासह विमानाबाहेर फेकली गेली आणि दोघेही मृत्युमुखी पडले. तेथीलच वैमानिका बेसी कोलमन 30 एप्रिल 1926 रोजी जॅक्सनव्हिल येथे अशीच गेली, तिने पट्टा बांधलेला नव्हता. उघड्या आसनाच्या युगात पट्टा हीच वैमानिकाची कडी होती, आणि ती लावली आहे की नाही हे त्याला स्वतःच्या छातीवर हात ठेवताच कळत असे.

15 ऑक्टोबर 1932 रोजी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूस उतरले ते पुस मॉथ विमानातून. या विमानाला बंदिस्त कक्ष होता. त्याला काचा होत्या आणि दरवाजाही होता. उड्डाणातील एक मोठे कष्ट त्यामुळे सरले. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे, ज्यांनी गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचे अध्ययन केले होते, त्यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरास एच.टी.-2 हे शिकाऊ विमान तयार झाले. 5 ऑगस्ट 1951 रोजी ते प्रथम आकाशात गेले. त्यात एकामागे एक दोन आसने आणि त्यांवर काचेचे छत अशी रचना होती. मराठी माणसाने ज्याचा अभिमान बाळगावा असे हे कार्य आहे, आणि त्याची आठवण आज फारच थोड्यांना आहे याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यानंतर 1958 साली पुष्पक आले आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत त्याने एक पिढी शिकवली. त्याला मात्र छताऐवजी बाजूचे दरवाजे होते.

छत आले, तशी ते बंद ठेवणारी खिटीही आली. आणि ही खिटी अर्धवट बसली असता काय होते, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. विमान जमिनीवर सावकाश चालत असताना छत आपल्या वजनानेच जागेवर बसून राहते, काचेपलीकडे सर्व काही ठीक दिसते. धावपट्टीवर वेग वाढू लागला की छताच्या फुगीर पाठीवरून वारा अधिक त्वरेने वाहतो, तेथील दाब उतरतो, आणि आतील हवा छताला वर ढकलू लागते. हे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की बळ चौपट होते. म्हणूनच ज्या खिटीने जमिनीवर काहीच तक्रार केली नाही, ती नेमकी चाके भूमी सोडण्याच्या सुमारास सुटते. क्षणात कानठळ्या बसवणारा आवाज होतो, नकाशे आणि कागद उडू लागतात, डोळ्यांत वारा शिरतो. छताच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूस असतील तर समोरचा वारा बहुधा ते दाबून धरतो आणि चार बोटांची फट राहते. बिजागऱ्या कडेला किंवा मागे असतील तर छत सताड उघडते, प्रसंगी तुटून शेपटीवर आदळते. छत तुटले नाही तरी त्याच्यामागे विस्कटलेला वारा शेपटीवर जातो आणि वैमानिकाच्या हातातील दांडा थरथरू लागतो.

असे असूनही बहुतेक हलकी विमाने या अवस्थेतही उडत राहतात. प्राण जातात ते पुढच्या काही क्षणांत, आणि ते वैमानिकाच्या हातामुळे. मनुष्याचा सहजस्वभाव असा की उघडे पडलेले दार त्याला लावावेसे वाटते. तो एक हात वर नेतो, मान वळवतो, नाक नकळत वर जाते, वेग उतरतो, आणि पंखांवरील आधार सुटून विमान एका बाजूस कलंडते. दोनशे-तीनशे फुटांच्या उंचीवर तेथून सावरण्यास अवकाशच नसतो. जुहूच्या बाबतीत तर पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस अंधेरी-विलेपार्ल्याची दाट वस्ती आहे. 28 जून 2018 रोजी जुहूहून उडालेले एक छोटे विमान घाटकोपरच्या वस्तीत कोसळून पाच जणांचा बळी गेला, त्यांत रस्त्याने जाणारा एक पादचारी होता. त्या अपघाताची कारणे निराळी होती. परंतु उपनगराच्या माथ्यावर चुकलेल्या विमानाला पडण्यास मोकळी जागा उरलेली नाही, एवढे त्याने दाखवून दिले.

30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत बोइंगचे एक भव्य नमुना-विमान, शेपटीच्या पडद्यांचे कुलूप काढावयाचे राहून गेल्यामुळे, उडताच कोसळले, आणि अनुभवी वैमानिकाची स्मरणशक्तीही पुरेशी नसते हे मान्य होऊन तपासणीची लेखी यादी रूढ झाली. तेथे कुलूप काढावयाचे राहिले, येथे खिटी लावावयाची राहते; दोन्ही चुकांचे मूळ विसरण्यात आहे. हल्ली गोंदियाजवळ बिरसी येथे डायमंड जातीची जी विमाने शिकवणीसाठी वापरतात, त्यांत दरवाजा नीट बंद नसल्यास इशारा देणारी सूचना समोर उमटते. तरीही त्या जातीच्या विमानांचे मागील दरवाजे उड्डाणात निखळून गेल्याच्या घटना जगात नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांत उड्डाणापूर्वी दरवाजा नीट लावलेलाच नव्हता.

म्हणून बारामती, धुळे, गोंदिया येथे आज जे तरुण-तरुणी शिकत आहेत, त्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना माझी आग्रहाची विनंती आहे. यादीतील ओळ केवळ वाचू नका; खिटी हाताने चाचपा आणि छत तळहाताने वर ढकलून पाहा. इतके करूनही ते उघडलेच आणि धावपट्टी पुढे पुरेशी शिल्लक असेल, तर तेथेच थांबा. चाके सुटली असतील तर त्याला हात लावू नका, वेग सांभाळा, नेहमीचा फेरा पूर्ण करा आणि उतरा. छत जमिनीवर आल्यावर लावता येते.