बोरघाटातील बिऱ्हाडे

वाडी–सिकंदराबाद मार्ग 1874 साली सुरू झाला आणि हैदराबादच्या मराठी कुटुंबांना रेल्वेने पुण्या-मुंबईस जाणे शक्य झाले. त्या प्रवासातील सर्वांत बिकट टप्पा, कर्जत ते लोणावळा हा बोरघाट, 11 वर्षे आधीच खुला झाला होता. या घाटाच्या इतिहासात अभियंते जेम्स बर्कली आणि इंग्रज कंत्राटदार यांची नावे येतात. ज्या बिऱ्हाडांनी तो खोदला, त्यांच्याविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे हे काम 1856 मध्ये सुरू झाले. सुमारे 16 मैलांत 1,831 फुटांची चढण, तीही काही ठिकाणी 37 फुटांस एक फूट अशी. शिवाय 25 बोगदे आणि 8 मोठे पूल. 1858 मध्ये खंडाळा–पुणे गाडी धावू लागली, तरी मधला घाट प्रवाशांना डोलीतून, तट्टावरून किंवा पायीच ओलांडावा लागे.

1861 च्या जानेवारीत येथे 42,000 माणसे राबत होती. त्यांत कुटुंबेच्या कुटुंबे होती. पुरुष कुदळ-पहारीने खणीत, स्त्रिया टोपल्या भरून डोक्यावरून माती वाहत आणि हाताशी आलेली मुलेही त्याच रांगेत चालत. उचल देणारा मुकादम आणि मजुरी वाटणाराही तोच. कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम अशा उतरंडीतून झिरपत आलेला पैसा मजुराच्या हाती अनेकदा उशिरा व कमी पडे. पावसाळ्यात काम थांबले की पुष्कळ मजूर पेरणीसाठी गावी परतत. अशा घरांत घाटावरची मजुरी बुडाली, तर शेतीचा हंगामही अडे.

1859 च्या जानेवारीत याच मजुरीवरून असंतोष उसळला आणि जमाव युरोपीय देखरेख करणाऱ्यांवर चालून गेला. मूळ कंत्राटदार फॅव्हियल यांनी त्याच वर्षी काम सोडले. 1860 च्या कायद्याने रेल्वे व सार्वजनिक बांधकामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटकडे त्वरित निकालात काढण्याची सोय केली. मात्र करार मोडणाऱ्या मजुरास शिक्षाही त्याच कायद्याने ठेवली.

नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईस उतरल्यानंतर थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट स्वतःकडे राखले आणि जाणत्या अभियंत्यांकरवी काम तडीस नेले. त्यांचे हे कर्तृत्व निःसंशय गौरवास्पद आहे. पण त्याच काळात पटकीची साथ मजुरांच्या झोपड्यांतूनही फिरली. तेथे विधवा झालेल्या स्त्रियांपाशी कंत्राट नव्हते. टोपली तेवढी होती, आणि ती पुन्हा उचलण्यावाचून गत्यंतर नव्हते. या घाटातील मृत्यूंचे अंदाज 25 हजारांपर्यंत जातात.

1863 च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले. तोवर हातावर पोट असलेली ती बिऱ्हाडे पांगू लागली होती. कोणी आपल्या शेताकडे वळले, कोणी दुसऱ्या कामाच्या शोधात निघाले. घाटातून जाताना बोगदे मोजण्याची हौस मुलांना आजही असते. मोजून झाले की त्या 42,000 माणसांची गोष्टही त्यांना सांगावी; त्यांत त्यांच्याच वयाची मुले होती.