धसका, वळण आणि ‘काय झालं?’

केंद्राची शिक्षण परिषद होती. बाहेर पाऊस, बांध्यांमध्ये रोवणी रंगात आलेली, आणि शाळेच्या वर्गात पस्तीसेक शिक्षक गुडघ्यावर वह्या घेऊन बसलेले. भिंतीवर प्रोजेक्टरने शब्द फेकला: ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड प्रॅक्टिस’. दोन मिनिटं सगळ्यांनी तो वहीत उतरवला. मग सालेकसा भागात तीस वर्षं काढलेल्या एका बाईंनी हात वर केला. “मॅडम, ट्रॉमा म्हणजे हायवेवरच्या दवाखान्यात असते तेच ना? ॲक्सिडेंटवालं?”

हशा पिकला. मला निवृत्त भाषाशिक्षक म्हणून, खरं तर शब्दांचा नाद असलेला म्हातारा म्हणून बोलावलं होतं. मी हसलो नाही, कारण बाईंचं शंभर टक्के बरोबर होतं. ग्रीक भाषेत ‘ट्रॉमा’ म्हणजे जखम, अंगावरची, दिसणारी, टाके घालावे लागणारी. हा शब्द मनाच्या बाजूला सरकला तो एकोणिसाव्या शतकात, आणि सरकवला कोणी? रेल्वेने. गाड्यांचे अपघात व्हायला लागले, आणि डॉक्टरांपुढे अशी माणसं यायला लागली की ज्यांच्या अंगावर ओरखडा नाही, पण झोप नाही, हात थरथरतात, गाडीची शिट्टी ऐकली की घाम फुटतो. इंग्लंडमध्ये जॉन एरिक एरिक्सन यांनी 1866 साली अशा रुग्णांवर पुस्तक लिहिलं आणि दोष पाठीच्या कण्याला दिला. जर्मनीत हर्मान ओपेनहाइम यांनी 1889 साली त्यालाच मज्जाविकार म्हटलं आणि त्यामागे ‘ट्रॉमा’चं विशेषण लावलं. गोंदियासारख्या जंक्शनच्या गावातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटायला हरकत नाही: मनाच्या जखमेला नाव मिळालं ते रुळांवर.

तर त्याला मराठीत काय म्हणायचं? प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमच्या पुस्तिकेत ‘आघात’ होतं. ‘आघात-संवेदी अध्यापन पद्धती’. शब्द चुकीचा नाही. हन् म्हणजे मारणे, त्यावरून घात, त्याला ‘आ’ लागून आघात. पण आघात हा बातमीतला शब्द आहे. अमक्या पुढाऱ्याच्या निधनाने कुटुंबावर आघात. आमच्याकडच्या कुठल्या आईने “माझ्या पोरावर आघात झाला” म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. ती म्हणते, “तेव्हापासून पोरानं धसका घेतला.” किंवा, “त्याच्या मनात बसलं ते.”

इथे क्रियापदाकडे बघा. आघात ‘होतो’. झाला, संपला, तारीख लिहून ठेवता येते. धसका ‘बसतो’. छातीत धस्स होतं तो क्षणाचा आवाज, पण तो आवाज उठून जात नाही, ठाण मांडतो. भीती बसते, धाक बसतो, डोक्यात बसतं. प्रसंग गेला तरी तो शरीरात राहतो, हे सांगायला तज्ज्ञांना पानंच्या पानं लागतात. मराठीने ते एका ‘बसणे’त सांगून टाकलंय. आणि गंमत, खरं तर गंमत नव्हेच, अशी की वर्गात सर्वांत जास्त वेळा उच्चारलं जाणारं क्रियापदही तेच. खाली बस. गप बस. जागेवर बस. ज्याच्या आत आधीच काहीतरी बसलेलं आहे त्या पोराला बूड टेकवता येत नाही, आणि आपण त्याला दिवसातून चाळीस वेळा तेच सांगतो.

मग अशा मुलाला आपण काय म्हणतो? द्वाड, वांड, हूड, खोडकर, व्रात्य. यातला शेवटचा शब्द मला नेहमी अडवतो. व्रात्य हा फार जुना शब्द, अथर्ववेदाचं पंधरावं कांड सगळं व्रात्याबद्दल आहे. व्रात्य म्हणजे संस्काराच्या कुंपणाबाहेरचा, ज्याचे विधी झालेले नाहीत असा. मराठीत येईतो तो घरातला मस्तीखोर पोरगा झाला. पण जुना वास गेलेला नाही. ‘व्रात्य कार्टं’ म्हणताना आपण त्याला क्षणभर कुंपणाबाहेर उभं करतोच. वर्गातही तेच करतो, शब्दशः. दाराबाहेर, हात वर करून.

खोड हा शब्द तर गोठ्यातून आलेला. बैलाला खोड असते, घोड्याला खोड असते, विकताना लपवतात. ‘खोड’ मानली की ती मुळातच आहे, जित्याची आहे, मेल्याशिवाय जाणार नाही. कारण शोधायची गरजच उरत नाही.

आता ‘शिक्षा’. गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याला लागा. बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेश. इकडे पाटी ‘शिक्षण विभाग’, तिकडे ‘शिक्षा विभाग’. नदीच्या या काठावर शिक्षा म्हणजे छडी, त्या काठावर शिक्षा म्हणजे पाटीपुस्तक. शब्द तोच. शक् म्हणजे जमणे, शक्य होणे. त्याचं इच्छादर्शक रूप शिक्ष्, म्हणजे जमावं अशी इच्छा धरणे. इतका सुंदर अर्थ क्वचितच एखाद्या शब्दाच्या वाट्याला येतो. जमत नाहीये, पण जमावं असं वाटतंय, ती शिक्षा. हिंदी आणि बंगालीने तो सांभाळला. कानडी, तेलुगू आणि मल्याळम यांनी दंड हा अर्थ उचलला. मराठी बरोबर सीमेवर, म्हणून तिने दोन्ही ठेवले आणि वाटणी केली: शिकायचं ते शिक्षण, भोगायची ती शिक्षा. तरी बोलण्यात फट राहिलीच. “थांब, शिकवतो तुला” हे मराठीत वचन नाही, धमकी आहे. “चांगला धडा मिळाला” म्हणजे पुस्तकातला धडा नव्हे.

1956 च्या नोव्हेंबरपर्यंत हा सगळा मुलूख, तेव्हाचा भंडारा जिल्हा, मध्य प्रदेशातच होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1999 ला. त्यामुळे आमच्या पिढीला दोन्ही शिक्षा घरच्याच. माझा एक बालाघाटी मेहुणा, तिकडे शिक्षक. तो अभिमानाने म्हणायचा, “हमारे यहाँ शिक्षा का अधिकार लागू हो गया,” आणि माझी नात, तेव्हा चौथीत, घाबरून विचारायची, “आजोबा, म्हणजे आता मारायचा अधिकार?” कायदा एकच, 2009 चा. त्याच्या हिंदी नावात शिक्षा हा बालकाचा हक्क आहे आणि मराठीत वाचाल तर त्याचं 17 वं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं. म्हणजे हिंदीत जिचा अधिकार, मराठीत तिचीच बंदी. एप्रिल 2010 पासून हे लागू आहे. छड्या बऱ्याचशा गेल्या. शब्दांच्या छड्या मात्र कुठल्या कपाटात जमा करायच्या, याचं परिपत्रक निघालेलं नाही.

‘शिस्त’ याहून वेगळी चाल खेळते. हा फारसीकडून आलेला शब्द, आणि जुन्या मराठीत शिस्त म्हणजे नेम. बंदुकीची शिस्त धरायची, म्हणजे नळी, डोळा आणि लक्ष्य एका रेषेत आणायचं. सैन्यातून शाळेत आली तेव्हा तिच्यातलं लक्ष्य गळून पडलं, रेष तेवढी उरली. प्रार्थनेच्या रांगेत एका हाताचं अंतर.

पण मला या घराण्यातला सर्वांत आवडता शब्द ‘वळण’. रस्त्याला वळण असतं, अक्षराला असतं, मुलाला लावायचं असतं. ‘वर्तन’ हा संस्कृत शब्दही वृत् म्हणजे फिरणे, वळणे यातलाच. वागणं म्हणजे वळणं, ही कल्पना त्यात आहे. वळणाऱ्या वस्तूला हळू हाताने वळवावं लागतं. वेताची कांबी वळवणाऱ्या कोणालाही विचारा. शब्दकोशात मात्र ‘वळण’च्या अगदी शेजारी ‘वळ’ बसलेला आहे, छडीने अंगावर उठतो तो. किती पिढ्यांनी एकासाठी दुसरा उठवला असेल.

आणखी एक. झाडीबोलीत ण आणि ळ टिकत नाहीत. डोळा हा डोरा होतो, पाणी हे पानी. त्या हिशोबाने वळण आणि वरण, दोन्ही जिभेवर जवळजवळ एकच. मी हे परिषदेत सांगितलं तेव्हा मागून एक गुरुजी म्हणाले, “बरोबरच आहे सर, वरन नसन तं वरन कुठून येईल!” या एका वाक्यात त्या दिवसाचं अर्धं प्रशिक्षण झालं. अकराच्या आधी भांडणारी, पेन्सिली हिसकावणारी पोरं खिचडीनंतर निवतात, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. फक्त ते निरीक्षण आहे असं कोणी त्याला सांगितलेलं नव्हतं.

आता बाजू बदलू. मुलाला बाहेर काढणारे शब्द पाहिले, जवळ घेणारे कुठे आहेत? तेही गोठ्यात आणि बांधीतच सापडले मला. बैल ‘बुजतो’. मोटारीचा आवाज झाला, कासरा ताणला, बैल बुजला. बुजलेल्या बैलाला शहाणा शेतकरी चाबूक मारत नाही, कारण तो आणखी बुजतो आणि गाडी नाल्यात जाते. तो काय करतो? चुचकारतो. ओठांनी च्च च्च करतो, मानेवर हात फिरवतो, सूर खाली आणतो, आणि बैलाच्या समोर नव्हे, बाजूला उभा राहतो. मॅडमच्या स्लाइडवर हेच होतं: आवाज कमी, हालचाल सावकाश, मुलाच्या अंगावर न जाणं, आधी शांत करणं आणि मग बोलणं. त्याखाली इंग्रजी नाव होतं पाच शब्दांचं. आपल्याकडे एक शब्द आहे, चुचकारणे, आणि तो आपण ‘लाड’ या खात्यात टाकून ठेवलाय.

बांधीतला शब्द याहून नेमका. पऱ्हे उपटून रोवले की आठ-दहा दिवस धान पिवळं पडतं, माना टाकतं. नवख्या माणसाला वाटतं, गेलं पीक. रोवणाऱ्या बाया म्हणतात, “अजून जीव धरला नाही त्यानं.” रोपात खोट नाही, नुकतं उपटलंय एवढंच. जूनमध्ये आश्रमशाळेत सोडलेलं सहा वर्षांचं पोर आठवा. घरची भाषा गोंडी, वर्गातली मराठी, रात्री शेजारी आई नाही. ते अंथरूण ओलं करतं, नाहीतर चावतं, नाहीतर नुसतं दारात उभं राहतं. त्याच्या नावापुढे मी वह्यांमध्ये ‘हट्टी’ वाचलंय, ‘मंद’ वाचलंय. ‘जीव धरला नाही’ हा शेरा कुठे वाचला नाही.

आणि याच सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. दरेकसा स्टेशनवर उतरून माघ पौर्णिमेला हजारो गोंड भाविक तिथल्या गुहेकडे जातात. कथा सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो, गाभा तोच: काली कंकालीची मुलं खोडकर, अनावर, म्हणून त्यांना गुहेत कोंडलं आणि तोंडावर शिळा लावली. जंगो रायताडने त्यांच्यासाठी जीव टाकला. पारी कुपार लिंगोने युक्ती काढली. हिरासुका पाटालीरने किंगरी वाजवली, त्या सुरांनी आत बळ आलं आणि शिळा सरकली. तिच्याखाली हिरासुका स्वतः गेला. पुढे लिंगोने त्या मुलांना शिकवलं, आणि त्यांच्यापासून गोंडांची कुळं झाली. जगभरच्या दंतकथांमध्ये व्रात्य पोरांना राक्षस खातो. इथे व्रात्य पोरं पूर्वज होतात. कोंडणं हा उपाय फसला, हे ज्या समाजाने आपल्या उगमाच्या कथेतच नोंदवून ठेवलंय, त्याच्याच मुलांना शिस्त शिकवायला आपण जातो.

तज्ज्ञ हल्ली एक कलाटणी सांगतात. अमेरिकेत विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी बालपणीच्या दुखापती आणि मोठेपणीचे आजार यांचा मेळ घातला. पहिला निष्कर्ष 1998 साली छापून आला आणि तो अभ्यास पुढे 17,000 हून अधिक लोकांपर्यंत गेला. त्यानंतर रुजलेलं सूत्र असं: मुलात काय बिघडलंय हे विचारू नका, त्याच्यावर काय गुजरलंय ते विचारा. इंग्रजीत ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मराठीत मी दोन दिवस शोधत बसलो आणि मग लक्षात आलं, आपल्याकडे वाक्य एकच आहे. काय झालंय तुला?

‘काय’वर जोर द्या, आवाज चढवा: तो आरोप आहे. ‘झालंय’वर रेंगाळा, सूर उतरवा: ती विचारपूस आहे. व्याकरणात शब्दावरच्या या जोराला म्हणतात आघात. म्हणजे पुस्तिकेतला शब्द अखेर कामाला आला, पण मुलाच्या बाजूने नव्हे, आपल्या.

मी परिषदेत सगळ्यांना ते वाक्य दोन्ही प्रकारे म्हणायला लावलं. पहिला प्रकार सगळ्यांना झटक्यात जमला. दुसऱ्याला पस्तीसपैकी बरेच जण लाजले. एकाने घसा खाकरला. सालेकशाच्या बाईंनी मात्र शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून “काय झाला व बाई?” असं इतक्या सहज म्हटलं की ती शेजारीण खरंच सांगायला लागली, घरी सासरे आजारी आहेत, चार रात्री झोप नाही.

चार वाजता अहवाल लिहायचा होता. मी ‘धसका घेतलेली मुले आणि आपले वागणे’ असा विषय सुचवला. केंद्रप्रमुखांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पोर्टलवरच्या यादीत तो पर्याय नाही म्हणून ‘ट्रॉमा’वर टिचकी मारली.