गारेवर गार घासून आग लागत नाही: खानदेशातील अग्निमंथनाची कथा

आदिमानव दोन दगड एकमेकांवर घासतो, ठिणगी उडते, वाळलेले गवत पेटते आणि गुहेत उजेड पडतो. हे चित्र आपण सर्वांनी बालपणी पाहिलेले आहे. मात्र हेच चित्र खानदेशच्या भूमीवर ठेवून पाहिले, तर ते टिकत नाही. का टिकत नाही, आणि मग येथील मनुष्याने अग्नी मिळवला तरी कसा, याचा हा धागा.

प्रथम दगडांविषयी. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या पात्रांत पांढरट, पिवळसर, तांबूस गारांचा तोटा नाही. काळ्या बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत त्या तयार होतात आणि खडक झिजला की मोकळ्या होऊन ओढ्यानाल्यांत येतात. अंधाऱ्या खोलीत अशा दोन गारा एकमेकींवर जोराने घासल्या, तर दगडाच्या आत फिकट प्रकाश चमकून जातो आणि जळका वासही येतो. अनेकांची फसगत येथेच होते. तो प्रकाश दाहक नसतो. त्याच्यासमोर कितीही वाळलेला कापूस धरला तरी तो पेटत नाही. दाहक ठिणगी हवी असेल तर जोडीला लोखंड हवे, नाहीतर लोह आणि गंधक यांचे ‘पायराइट’ नावाचे सोनेरी खनिज हवे. गारेच्या धारेने त्याचा सूक्ष्म कण खरवडला जातो आणि तो कणच हवेत जळतो. म्हणजे ठिणगी ही जळणाऱ्या लोहकणाची असते, गारेची नव्हे.

युरोपात पायराइट पुष्कळ ठिकाणी सहज सापडते. १९९१ साली आल्प्स पर्वताच्या बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचा देह मिळाला. त्याच्याजवळ पेट घेणारी वाळकी अळंबी होती आणि तिच्यावर पायराइटचे कण चिकटलेले होते. ‘दोन दगडांची आग’ तेथे खरी आहे. खानदेशच्या बेसाल्टी प्रदेशात मात्र हे खनिज वाटेवर पडलेले मिळत नाही. पाठ्यपुस्तकातले चित्र दुसऱ्याच भूमीतून आपल्याकडे आले आहे.

आता पाटण्याकडे वळू. चाळीसगाव तालुक्यात, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. पाटणादेवीच्या मंदिरामुळे आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाच्या शिलालेखामुळे ते अनेकांना ठाऊक असते. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणलेला तो लेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा. परंतु या गावाचा इतिहास त्याहून फार मागे जातो. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात येथे उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगाचे अनेक स्तर एकाखाली एक उलगडत गेले. गारेच्याच जातीच्या दगडांची बारीक, धारदार पाती निघाली. त्यांच्यासोबत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेषांची कोरीव नक्षी होती आणि काही कवचांचे मणी केलेले होते. या कवचांचे वय सुमारे २५,००० वर्षे ठरले. होय, त्या काळी खानदेशात शहामृग होते!

पाटण्याची ही माणसे दिवसभर गारा फोडत असत. गारेची नस त्यांना जितकी ठाऊक होती तितकी नंतर फारच थोड्यांना ठाऊक झाली असेल. गारेवर गार आपटून आग निघती, तर ती त्यांच्या हातून रोज निघाली असती. ती निघत नव्हती; आणि लोखंड तर अजून वीस-बावीस हजार वर्षे दूर होते. मग उरते लाकूड.

येथे एक अडचण आहे. लाकूड कुजते. इजिप्तच्या कोरड्या वाळूत तुतनखामेनच्या थडग्यातून १९२२ नंतर अग्नी पाडण्याचा लाकडी संच जसाच्या तसा बाहेर आला; त्याच्या पाटीवरील जळकी भोकेसुद्धा मोजता येतात. खानदेशच्या काळ्या मातीत आणि पावसाळी ओलीत तसे काही उरण्याची आशा नाही. मात्र पाटण्याच्या मण्यांना भोके आहेत. मण्याला भोक पाडायचे तर टोकदार हत्यार एका जागी दाबून गरगरा फिरवावे लागते. लाकडावर लाकूड फिरवून अग्नी काढण्याची मूळ क्रिया हीच. मण्याचे भोक म्हणजे अग्नीचा पुरावा नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण दाबून फिरवण्याची कला त्या हातांत होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

ही क्रिया वर्णनात सोपी वाटते आणि करू गेल्यास घाम काढते. बोटभर जाडीची, हातभर लांबीची सरळ काटकी घ्यायची. खाली मऊ, पूर्ण वाळलेल्या, चीक नसलेल्या लाकडाची पाटी. पाटीच्या कडेजवळ लहानसा खळगा आणि त्या खळग्यातून कडेपर्यंत पाचरीच्या आकाराची खाच. खाच नसली तर सारी मेहनत वाया जाते, कारण घर्षणाने निघणारा भुसा तिच्यात साठावा लागतो आणि त्याला हवाही मिळावी लागते. काटकी दोन्ही तळहातांत धरून खाली दाब देत फिरवायची. हात घसरत खाली येतात, ते चटकन वर न्यायचे, आणि पुन्हा तेच. आधी फिकट भुसा पडतो, मग तांबूस, मग काळा. काळा भुसा आणि दाट धूर दिसू लागला की वेग वाढवायचा. सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्या भुशाच्या ढिगाऱ्यात स्वतःचा निखारा धरतो. हात थांबवल्यावरही धूर येत राहिला, तर तो धरला असे समजावे. ज्वाळा अजून कोठेच नसते. मोहरीएवढा तो निखारा वाळक्या गवताच्या घरट्यात अलगद सोडून हळूहळू फुंकावा लागतो, तेव्हा कोठे जाळ होतो.

शिकणाऱ्याचे हात येथे नेमक्या ठिकाणी चुकतात. आरंभीच फार जोर लावला की दमछाक होते आणि खऱ्या वेगाची वेळ येते तेव्हा बळ उरत नाही. कपाळावरचा घाम पाटीवर गळतो. कठीण लाकूड निवडले तर खळगा गुळगुळीत होऊन नुसता चमकू लागतो; अशा वेळी चिमूटभर वाळू टाकून त्याला पुन्हा खरखरीत करतात. दोन माणसे आळीपाळीने फिरवीत राहिली तर काम पुष्कळ हलके होते.

लाकडाची निवड हे निम्मे शास्त्र. त्याच्या खुणा वनस्पतींच्या नावांतच राहून गेल्या आहेत. दशमुळांपैकी एका वनस्पतीचे नाव ‘अग्निमंथ’ आहे. मराठीत तिला ऐरण म्हणतात आणि या नावातही अरणी ऐकू येते. खानदेशात लोणच्यासाठी ओळखली जाणारी भोकर घ्या. घर्षणाने अग्नी काढण्यास तिचे लाकूड उत्तम लाकडांपैकी एक मानले जाते, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिविषयक इंग्रजी ग्रंथांत आहे. पण त्या लाकडाचा हा उपयोग आज भोकराचे लोणचे घालणाऱ्या किती घरांत ठाऊक असेल?

जंगलातली ही विद्या वैदिक परंपरेने यज्ञशाळेत नेली आणि तेथे ती गोठवून ठेवली, म्हणून तिचा तपशील आपल्याला शब्दशः मिळतो. खालची पाटी ती अधरारणी, वरची उत्तरारणी. उत्तरारणीतून काढलेला तुकडा म्हणजे प्रमंथ. तो ‘चात्र’ नावाच्या दांड्यात बसवतात. दांड्याचे वरचे टोक ‘ओविली’ नावाच्या आडव्या लाकडाने दाबून धरतात आणि ‘नेत्र’ नावाच्या दोराने दांडा फिरवतात. एकजण दाबतो, दुसरा दोर ओढतो. ज्या घरात ताक घुसळण्याची दोरीची रवी पाहिली गेली आहे, त्या घरात या यंत्राचे चित्र काढून दाखवावे लागत नाही. दोन्ही क्रियांना ‘मंथन’ हा एकच शब्द आहे, तो उगाच नव्हे. अरणीसाठी शमीवर उगवलेल्या पिंपळाचे लाकूड श्रेष्ठ मानले. शतपथ ब्राह्मणातील पुरूरव्याच्या कथेत गंधर्वांनी दिलेला अग्नी पिंपळ होतो आणि अग्नीचे पात्र शमी होते. कथेच्या आवरणाखाली लाकडाच्या निवडीचा नियम सांगितलेला आहे.

अरणी हरवणे ही किती मोठी आपत्ती होती, हे महाभारताच्या वनपर्वात दिसते. झाडाला टांगलेली एका ब्राह्मणाची अरणी हरिणाच्या शिंगांत अडकते, हरीण पळते, पाच पांडव तिच्यामागे धावतात, तहानेने व्याकूळ होतात आणि पुढे यक्षप्रश्न घडतो. धर्माविषयीच्या त्या विख्यात संवादाला निमित्त झाले ते अग्नी पाडण्याच्या दोन लाकडांचे. ही परंपरा संपलेलीही नाही. १९७५ साली केरळातील पांजाळ येथे झालेल्या अग्निचयनाचे चित्रीकरण उपलब्ध आहे आणि त्यात अरणीमंथन पाहता येते.

दक्षिणेत लोखंड रुळले ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात. त्यानंतर खानदेशच्या गारांना प्रथमच योग्य जोडीदार मिळाला. तोही सहज नव्हे: मऊ लोखंडाची ठिणगी दुबळी असते, त्यासाठी कडक पोलाद लागते. पोलादाचा तुकडा, गार आणि सावरीचा कापूस एवढ्या साहित्यावर चिलीम पेटू लागली. या साधनाला आपण म्हणतो चकमक. शब्द मूळचा तुर्की आहे. त्याचा अर्थ आघात करणे, वीज चमकणे. आजही तुर्कस्तानात खिशातल्या लायटरला ‘चाकमाक’च म्हणतात. मराठीने तो शब्द घेतला आणि लहानशा लढाईलाही ‘चकमक’ म्हटले. सैन्यांचा आघातही गार-पोलादाच्या भाषेत सांगितला जाऊ लागला.

तथापि लाकूड असो वा चकमक, गृहिणीने रोज नवा अग्नी पाडला असे समजणे चूक ठरेल. अग्नी राखला जाई. रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची, गोवरी धुमसत ठेवायची, पहाटे फुंकर घालून जाळ करायचा. कधी विझलाच तर शेजारणीकडे जायचे. ‘त्या दोघांत विस्तव जात नाही’ हा वाक्प्रचार येथून समजतो: वैर इतके, की विझलेल्या चुलीसाठी निखाऱ्याची देवघेवही बंद. पावसाळ्यात तर या राखणीला पर्याय नव्हता. दमट हवेत भुसा धूर देतो, निखारा देत नाही.

मग काडेपेटी आली. इंग्लंडमध्ये जॉन वॉकरने १८२७ मध्ये घासून पेटणारी काडी विकण्यास काढली. १८४४ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश याने घातक पांढऱ्या फॉस्फरसऐवजी तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेवर लावण्याची युक्ती काढली. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर हिंदुस्थानात बंदी आली ती १९१३ च्या कायद्याने. १८६० च्या दशकात रेल्वे जळगाव-भुसावळला पोहोचलेलीच होती. त्या वाटेने विलायती आणि पुढे जपानी पेट्या बाजारात येणे सोपे झाले. १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलाची ‘विमको’ कंपनी स्थापन झाली आणि तिचा अंबरनाथचा कारखाना उभा राहिला. काडी पेटते तीही घर्षणानेच. फरक इतकाच, की खळगा, खाच आणि लाकडाची निवड ही सारी विद्या आता पेटीच्या कडेवरील एका पट्टीत सामावली होती.

याच काळात अग्नी सरकारच्याही नोंदीत आला. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात अग्नी पेटवणे किंवा नेणे हा अपराध ठरवला. सातपुड्याच्या उतारांवर राहणाऱ्या भिल्ल, पावरा कुटुंबांच्या रोजच्या गरजेवर त्यामुळे वनरक्षकाची नजर आली. पुढे १९३४ मध्ये काडेपेट्यांवर उत्पादन शुल्क बसले. भोकराच्या दोन काटक्यांत जे फुकट मिळत असे, त्यावर आता कर देणे आले. काटक्या फिरवण्याची विद्या कायद्याने कोणी बंद केली नव्हती. गरज संपली आणि बापाने मुलाला ती शिकवणे सोडले.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांची पेटता न पेटणाऱ्या चुलीवरची कविता प्रसिद्ध आहे. त्या कवितेत काडेपेटी आहे, आणि ती रिकामी होत चालली आहे. काडी विकत आणलेली असे, मोजून वापरावी लागे. म्हणून पेटी घरात आल्यानंतरही कित्येक वर्षे खानदेशातील बाया, काडी वाचवण्यासाठी, हातात गोवरीचा तुकडा घेऊन शेजारच्या चुलीवरून इस्तो आणायला जात राहिल्या.