तीन हजारांतले तेरा फोटो

१७ फेब्रुवारी १९७७. गालापागोस बेटांच्या ईशान्येला, भर पॅसिफिकात, ‘अॅल्विन’ पाणबुडी ‘लुलू’ जहाजावरून पाण्यात उतरतेय आणि तुम्ही आत आहात. जागा खरं तर तिघांचीच: पायलट जॅक डॉनेली, भूशास्त्रज्ञ जॅक कॉर्लिस आणि त्येर्ड व्हान आन्डेल. टायटॅनियमचा हा गोळा आतून जेमतेम दोन मीटर रुंद. चौथे तुम्ही, तेव्हा गुडघे पोटाशी घ्या आणि कुठल्याही बटणाला हात लावू नका.

खिडकीतला निळा रंग काळवंडतो, मग उरतो नुसता काळोख. मधूनच एखादा चमचमता जीव ठिणगीसारखा वर जाताना दिसतो. तो कुठे जात नाहीये, तुम्हीच खाली चाललाय. दीड तास हेच. स्वेटरमधूनही थंडी वाजायला लागते.

गप्पा खडकांच्याच. समुद्राचा तळ जिथे फाटतो तिथे गरम पाण्याचे झरे असणार, असा या लोकांचा हिशोब. पाहिले मात्र कुणीच नव्हते. नुकताच त्यांनी ‘अँगस’ नावाचा कॅमेऱ्याचा सांगाडा तळाजवळून ओढत नेऊन सुमारे तीन हजार फोटो काढले. पारा क्षणभर वर चढला, नेमक्या तेवढ्याच १३ फोटोंत पांढरे शिंपले होते. बाकी सगळा ओसाड लाव्हा.

मोहिमेवर जीवशास्त्रज्ञ एकही नाही. कशाला असेल? इथे ऊन पोचत नाही. वरून झिरपत येईल त्या उष्ट्या-खरकट्यावर कितीजण जगणार! याच ‘अॅल्विन’ची गोष्ट घ्या. १९६८ मध्ये ती बुडाली. दहा-अकरा महिन्यांनी वर काढली तर आतली सँडविचेस भिजलेली, पण नासलेली नाहीत. खोल समुद्रात सगळंच मंद चालतं, या समजाला त्या सँडविचेसनी चांगलंच बळ दिलं.

अडीच हजार मीटर. बाहेरचा दाब वरच्या अडीचशे पट. दिव्यांच्या झोतात लाव्हाच्या काळ्या उश्या दिसतात. आणि मग पाणी थरथरायला लागतं, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरची हवा थरथरते तसं. भोवतालचं पाणी दोन अंशांचं, भेगांतून येणारं आठ. आपल्या नळाचं पाणी थंडीतही याहून ऊन असतं; पण इथे या सहा अंशांसाठीच एवढा खटाटोप.

आता खिडकीला नाक लावा. तिसऱ्यांचे भाऊबंद शोभतील असे शिंपले, पण वीतभराहून लांब. त्यांच्यामधून पांढरे खेकडे फिरताहेत. कॉर्लिस पाण्यातल्या फोनवरून वर जहाजावरच्या आपल्या विद्यार्थिनीला विचारतो: खोल समुद्र वाळवंटासारखा असतो ना? ती हो म्हणते. तो सांगतो, इथे तर प्राणीच प्राणी आहेत.

मोहिमेच्या दुसऱ्या जहाजावर, ‘नॉर’वर, पाण्याच्या नमुन्यांची बाटली उघडतात तेव्हा सडक्या अंड्यांचा असा भपकारा येतो की खिडक्या उघडाव्या लागतात. हायड्रोजन सल्फाइड! आपल्याला मारून टाकील असा हा वायू, आणि तिथे खाली त्यातच गोकुळ नांदतंय.

पुढच्या बुड्यांत आणखी नवल: पांढऱ्या नळीत राहणारे, लालभडक तुऱ्यांचे लांबलचक किडे. त्यांना टिकवायला पुरेसं फॉर्मलिन नाही. ते आणतो जीवशास्त्रज्ञ, आणि तोच नाही. म्हणून पनामात घेतलेली रशियन वोडका बरणीत ओततात. तुमच्या समोर कुणीतरी किडा उलटासुलटा करून त्याचं तोंड शोधतंय. तुम्हाला ठाऊक आहे, तोंड नाही आणि आतडंही नाही. अंगातले जिवाणू त्या घाणेरड्या वायूतून ऊर्जा काढतात आणि यजमानाला जेवू घालतात. हे ओळखायला अजून तीन-चार वर्षं जायचीत; ओळखेल हार्वर्डची एक विद्यार्थिनी, कॉलीन कॅव्हनॉ. तुम्ही आत्ताच सांगू गेलात, तर बरणीतली थोडी वोडका तुमच्या पोटात गेली म्हणतील.