अश्वगंधा

अश्वगंधा (विथानिया सोम्निफेरा, कुल – सोलॅनेसी) : वांगी, मिरची, तंबाखू व धोतरा यांच्या कुळातील बहुवर्षायू झुडूप. आसंध, आस्कंद, ढोरगुंज ही मराठी नावे. आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या कोरड्या प्रदेशांत ते आढळते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी, कर्जत, जामखेडकडच्या कमी पावसाच्या, हलक्या जमिनींना मानवणारे हे पीक आहे.

झुडूप कमरेएवढे वाढते. खोड-पानांवर राखी लव, फुले हिरवट पिवळी आणि बारकी. पिकलेले लालबुंद फळ पोपटीसारख्या कागदी आवरणात दडलेले असते. ताज्या मुळाला घोड्याच्या अंगासारखा उग्र वास येतो.

खरा माल जमिनीखाली. खरिपात पेरलेले पीक साधारण पाच-सहा महिन्यांनी, पाने सुकू लागली की उपटतात. मोडल्यावर आतून पांढरे, पिठाळ निघणारे जाड मूळ भाव खाते. रानातले तंतुमय मूळ मागे पडते. भारतातील लागवडीचे मुख्य केंद्र मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर पट्टा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही औषधी वनस्पतींवर संशोधन चालते. पाणी कमी लागते म्हणून पेरायला हरकत नाही, पण आधी गिऱ्हाईक ठरवावे. ही मुळे गावच्या आठवडी बाजारात खपत नाहीत.

आयुर्वेदात ती बल्य व रसायन मानली जाते. चूर्ण दुधातून देतात. अश्वगंधारिष्टही प्रसिद्ध आहे. तिच्यातील विथॅनोलाइड गटातल्या संयुगांवर आधुनिक संशोधन झाले आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत ६४ जणांपैकी निम्म्यांना ६० दिवस रोज दोनदा ३०० मिग्रॅ. मूळ-अर्क दिला, त्यांचा ताण आणि रक्तातील कॉर्टिसॉल, दोन्ही घटले. झोपेबाबतचे निष्कर्षही आशादायक आहेत. मात्र अशा चाचण्या बहुधा लहान आणि अल्पकाळच्या. कर्करोगावरील परिणाम मुख्यतः प्रयोगशाळेतल्या पेशींवर व प्राण्यांवर दिसले आहेत. तेवढ्यावर कर्करोग बरा होतो म्हणणारी जाहिरात फसवीच.

मूळ आणि पान यांत गल्लत नको. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पाने वापरणे टाळण्यास सांगितले. डेन्मार्कने २०२३ मध्ये या वनस्पतीवर बंदीच घातली. क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गरोदर स्त्रियांनी ती घेऊ नये. थायरॉइड, मधुमेह वा झोपेची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चूर्णाचा डबा उघडू नये.