लोखंड छेदण्याची विद्या : छिन्नीपासून प्लाझ्मा-ज्योतीपर्यंत

कोणत्याही धंद्याचा इतिहास हा बव्हंशी त्याच्या हत्यारांचा इतिहास असतो. लोहारकाम म्हटले की भाता, ऐरण आणि घण डोळ्यांसमोर उभे राहतात; परंतु लोखंड घडविण्याइतकीच ते छेदण्याची विद्याही पुरातन आहे आणि तिचा इतिहास क्वचितच कोणी लिहून ठेवतो. सांप्रत गावोगावच्या दुकानांपर्यंत प्लाझ्मा-टॉर्च येऊ लागला आहे. अशा वेळी या विद्येचा मागोवा घेणे तरुण कारागिरांस उपयुक्त ठरेल, या हेतूने हा अल्पसा प्रयत्न.

आपला चांदा मुलूख लोखंडाचा मुलूख आहे. एकोणिसाव्या शतकात येथील जंगलांत लहान मातीच्या भट्ट्यांतून लाकडी कोळशावर लोहखनिज गाळले जात असे. १८८२ साली रिटर फॉन श्वार्झ या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोहउद्योगाविषयी अहवाल लिहिला. तो जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला आणि पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. १९०४ साली भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांनी टाटांच्या वतीने लोहारा येथील खनिजाची पाहणी केली. खनिज होते, पण पोलादाच्या भट्टीस लागणारा कोक ज्यापासून होईल असा कोळसा जवळपास नव्हता. शोध दुर्गच्या डोंगरांकडे व अखेरीस मयूरभंजाकडे वळला. टाटांची पोलाद कंपनी १९०७ साली स्थापन झाली, आणि १९१२ साली पहिले पोलाद निघाले ते साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास. ज्या भूमीने ही कल्पना दिली त्या भूमीतील सुरजागडचे खनिज पुढे शतकभराने मोठ्या प्रमाणावर निघू लागले.

आपल्या वाडवडिलांची लोखंड छेदण्याची रीत साधी होती. पट्टी भट्टीत लाल करावी, सांडशीने ऐरणीवर धरावी, एकाने छिन्नी टेकवावी आणि दुसऱ्याने घण घालावा. नांगराचा फाळ, वखराची पास, बैलगाडीच्या चाकाची धाव ही सारी याच रीतीने निघत. तीत वेळ व श्रम फार. तथापि एक मोठा गुण होता. धोका डोळ्यांना दिसत असे. लाल लोखंडास हात लावू नये, हे मुलास शिकवावे लागत नसे.

पुढची पायरी वायूची. ॲसिटिलीन वायूचा शोध १८३६ साली एडमंड डेव्ही यांनी लावला. १८९५ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातलिए यांनी हा वायू ऑक्सिजनसह जाळला असता ३,००० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेची ज्योत मिळते, हे दाखविले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यावर चालणारे टॉर्च तयार झाले. या कर्तनाचे मर्म असे, की ज्योत लोखंड केवळ तापविते आणि ऑक्सिजनचा झोत ते अक्षरशः जाळतो. म्हणूनच जे धातू अशा रीतीने जळत नाहीत, ते स्टेनलेस पोलाद व ॲल्युमिनियम, गॅसला दाद देत नाहीत.

ही उणीव प्लाझ्माने भरून काढली. अतितप्त, विद्युद्भारित वायूस 'प्लाझ्मा' हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ साली दिले. अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागातील रॉबर्ट गेज यांनी विद्युत्-चाप अरुंद तोटीतून काढण्याची युक्ती शोधली. तिचे पेटंट १९५७ साली मंजूर झाले. चाप आवळला जाताच त्याची उष्णता २०,००० अंशांच्या घरात जाते. धातू वितळतो आणि वेगवान वायू तो खाली उडवून देतो. वीज वाहून नेणारा कोणताही धातू यापुढे टिकत नाही. पुढे साध्या दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रे निघाली व टॉर्च लहान दुकानदाराच्या हाती आला.

आता हे हत्यार चालविण्याची शिस्त पाहू. हवा कोरडी हवी. वैनगंगेकाठच्या आपल्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते. ते रोज काढून न टाकल्यास तोटी व इलेक्ट्रोड लवकर झिजतात. अर्थिंगचा चिमटा रंग व गंज खरवडलेल्या जागी लावावा. कापाची सुरुवात कडेपासून करावी. मध्येच भोक पाडणे असल्यास टॉर्च तिरपा धरून ठिणग्या अंगापासून दूर जाऊ द्याव्यात व मग तो सावकाश उभा करावा. ठिणग्या पत्र्याखालून, किंचित मागे झुकून पडत असतील तर वेग योग्य. वर उसळू लागल्या तर हात घाईत आहे, अथवा पत्रा यंत्राच्या शक्तीबाहेरचा आहे. फार सावकाश गेल्यास खालच्या कडेला जाड कीट चिकटते.

परंतु खरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. या यंत्राचा विद्युत्-दाब वेल्डिंगपेक्षा कितीतरी अधिक, शेकडो व्होल्ट असतो. म्हणून तोटी बदलण्यापूर्वी यंत्र बंद करून वीजपुरवठा तोडलाच पाहिजे. चापाचे अतिनील किरण डोळे भाजतात आणि त्याची वेदना बहुधा काही तासांनी, रात्री सुरू होते. उन्हाचा साधा चष्मा येथे निरुपयोगी. यंत्राच्या शक्तीप्रमाणे योग्य क्रमांकाची काचच हवी. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. स्टेनलेसचा धूर त्याहून घातक. म्हणून काम उघड्यावर अथवा वारा खेळता ठेवूनच करावे. तेलाचे रिकामे दिसणारे पिंप कधीही कापू नये. आतील वाफ स्फोट घडविते. धानाच्या गिरणीत कोंडा, पोती, तणस यांच्याजवळ टॉर्च पेटवू नये. ठिणगी दहा मीटरपर्यंत जाते व आत धुमसत राहते. काम संपल्यावर निदान तासभर जागेवर लक्ष ठेवावे. अंगात सुती कपडे, हातांत चामड्याचे मोजे आणि कानांत बोळे असावेत.

पूर्वी भात्यावर बसलेला मुलगा वर्षानुवर्षे पाहून शिके, मग त्याच्या हाती घण येई. आज यंत्र एका दिवसात दुकानात येते, सोबतची पुस्तिका इंग्रजीत असते आणि संध्याकाळी तेच यंत्र सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हाती असते. जुन्या आगीचे भय दिसत होते. नव्या आगीचे दिसत नाही, ते कोणीतरी सांगावे लागते. ते सांगण्याची जबाबदारी दुकानमालकाची व घरातील वडीलधाऱ्यांची आहे. काळी काच व चामड्याचे मोजे यांचा खर्च यंत्राच्या किमतीपुढे नगण्य आहे. गेलेला डोळा मात्र कोणत्याही किमतीस परत मिळत नाही. म्हणून दुकानात नवे यंत्र आणताना ही दोन साधनेही त्याच दिवशी आणावीत, आणि ती चढविल्याखेरीज कोणाही मुलाच्या हाती टॉर्च देऊ नये, एवढेच सांगणे.